विटकरी ससा



स्मरणिकेसाठी लेख मागताना समितीने मला विषयांची यादी पाठवली होती. शाळेची जुनी कौलारू इमारत, आजवरचे मुख्याध्यापक, गणेशोत्सवातली नाटकं, कबड्डीचा संघ, शिष्यवृत्तीची परंपरा. बहुतेक विषयांपुढे कुणा ना कुणाचं नाव लागलेलं होतं. ‘हस्तव्यवसायाचा तास’ हा विषय यादीतच नव्हता. तो मी मागून घेतला. समितीतले आमचे एक वर्गबंधू हसून म्हणाले, “त्यावर काय लिहिणार? मुली विणायच्या, आम्ही बागेतलं गवत उपटायचो. दोन ओळींत संपेल.” त्या दोन ओळींपुढचं इथे लिहिते आहे.

लिहायला बसले तेव्हा हाताशी एकच पुरावा होता. कार्यालयाच्या कपाटात एक काळा-पांढरा फोटो मिळाला. वार्षिक प्रदर्शनाचा दिवस, लांब टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर भरतकामाचे रुमाल, लोकरीची टोपडी, मोजे, आणि डाव्या कोपऱ्यात ओळीने बसलेले मुठीएवढे ससे. मोजले, अकरा भरले. फोटोत ते करडे दिसतात, पण माझ्या पिढीच्या प्रत्येक मुलीला ठाऊक आहे की ते विटकरी रंगाचे होते. कुणी तरी घाऊक भावात विटकरी लोकर आणून ठेवली होती आणि ती संपतच नव्हती. त्यामुळे आपल्या शाळेत वर्षानुवर्षं सशांचा रंग विटकरीच राहिला.

त्या सशांतला एकही आज शाळेत नाही. का नाही, ते शेवटी सांगते. आधी हा ससा आपल्या तालुक्याच्या गावी, जिथे लोकरीचा स्वेटर फार तर पंधरा दिवस अंगावर चढतो तिथे, आला कुठून ते पाहू.

चौकोन

ज्यांनी केला नाही त्यांच्यासाठी, म्हणजे मुख्यतः वर्गबंधूंसाठी, ससा कसा होतो ते सांगते.

दोन सरळ सुया घ्यायच्या, दहा नंबरच्या. सुयांचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. त्याच लोकरीचा स्वेटर विणताना आम्ही आठ-नऊ नंबर घेत असू, पण खेळण्यासाठी बाई दहाच घ्यायला लावत. वीण घट्ट हवी. सैल पडली की आतला कापूस टाक्याटाक्यांतून डोकावतो आणि ससा आजारी दिसतो. सुईवर चाळीस टाके घालायचे. मग प्रत्येक ओळ सुलट विणायची. उलट टाका मुळीच नाही. अशी वीण दोन्ही बाजूंनी सारखी दिसते आणि तिच्यावर आडव्या वळ्या उठतात. दोन ओळींची एक वळी. जितके टाके तितक्या वळ्या झाल्या, म्हणजे चाळीस टाक्यांवर ऐंशी ओळी, की तुकडा चौकोनी होतो. मोजायचा कंटाळा आला तर एक कोपरा समोरच्या कोपऱ्याला लावून पाहायचा. घडी नीट त्रिकोणी बसली की टाके बंद करायचे.

इथपर्यंत हातात एक साधा चौकोन असतो. आता मोठी सुई घेऊन त्या चौकोनाच्या मधोमध आडवा धावदोरा घालायचा, आणि त्याच्या दोन्ही टोकांपासून वरच्या कडेच्या मध्यबिंदूपर्यंत तिरके धावदोरे न्यायचे. त्रिकोण तयार होतो. त्या त्रिकोणात कापसाचा गोळा ठेवून दोरा ओढला की डोकं गोल होतं आणि वरचे दोन कोपरे आपोआप कान म्हणून उभे राहतात. खालचा अर्धा भाग दुमडून पाठीमागे शिवायचा, कापूस भरायचा, तळ आवळून बंद करायचा आणि शेपटीला लोकरीचा गोंडा लावायचा. डोळ्यांच्या जागी काळ्या दोऱ्याच्या दोन गाठी.

पहिल्यांदा दोरा ओढल्यावर कान उभे राहिले तेव्हा वर्गात जो गलका झाला तो मला अजून आठवतो. दोन महिने सपाट चौकोन विणत बसलेल्या मुलींच्या हातांत एका क्षणात प्राणी आला होता. सपाट कापडाला आकार कसा येतो, हे भूमितीच्या तासाला जे कळलं नव्हतं ते त्या दिवशी कळलं.

सुया आल्या कुठून?

मराठीत आपण हातमागावरचं कापडही ‘विणतो’ आणि सुयांवरचा स्वेटरही ‘विणतो’. एकच क्रियापद दोन्ही कामांना चालतं, पण कामं फार वेगळी. मागावर ताणा आणि बाणा असे दोन धागे एकमेकांना छेदतात. सुयांवर एकाच धाग्याचे फासे एकमेकांत ओवले जातात. माग आपल्याकडे प्राचीन काळापासून आहे. धनगरांची घोंगडी मागावरचीच. सुयांवरचं विणकाम मात्र आपल्याकडे उशिरा आलं.

जगात सुयांवर विणलेल्या सर्वांत जुन्या वस्तूंत इजिप्तमध्ये सापडलेले सुती पायमोजे येतात. साधारण ११ ते १४ या शतकांतले, निळ्या-पांढऱ्या नक्षीचे. पुढे ही विद्या युरोपात पसरली. इ. स. १४०० च्या सुमारास जर्मनीतल्या बुक्स्टेहुड इथल्या वेदीसाठी चित्रकार मास्टर बर्ट्राम याने काढलेल्या चित्रात मेरी बाळ येशूसाठी अंगरखा विणताना दिसते. तिच्या हातात चार सुया आहेत. म्हणजे ती गोल विणते आहे. मोजा, टोपी, अंगरखा या सगळ्या नळीसारख्या वस्तू, त्यामुळे गोल विणणं ही तेव्हाची सहज रीत होती. १५८९ मध्ये इंग्लंडच्या विल्यम लीने मोजे विणायचं यंत्र केलं ते मात्र सपाट तुकडा विणायचं आणि तो नंतर शिवून मोजा करायचे. दोन सरळ सुयांवर तुकडे विणून ते जोडायचे ही आमच्या बाईंची रीत त्याच सपाट जातीची.

आपल्याकडे या सुया मिशनरी बायकांच्या आणि साहेबांच्या मडमांच्या हातांतून आल्या. अमेरिकन मराठी मिशनने १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली. पुढे याच मिशनच्या सिंथिया फरार यांनी मुंबईत आणि नंतर अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या. मिशनच्या अशा शाळांत वाचन, लेखन, हिशेब यांच्या जोडीला सुईचं काम असे. हळूहळू लोकरीचं विणकाम हे शिकलेल्या घरांतलं लक्षण झालं. बाळंतविड्यात कापडाच्या झबल्या-कुंच्यांशेजारी लोकरीचं टोपडं आणि मोजे येऊन बसले. कानपूरची लाल इमली ही लोकरीची गिरणी १८७६ ची. पुढे हा गिरणीमाल देशभर पोचू लागला आणि साहेबाच्या देशातल्या लोकरीवर अवलंबून राहण्याची गरज कमी झाली.

दोन्ही पक्षांना चालणारी सुई

मुलींच्या शिक्षणाचा इतिहास वाचताना मला एक मोठी गंमत आढळली. १८८४ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक या मंडळींनी मुलींचं हायस्कूल काढलं, आपण ज्याला हुजूरपागा म्हणतो ते. त्यावर टिळकांच्या पत्रांतून कडाडून टीका झाली. मुलींना इंग्रजी आणि मुलांसारखा अभ्यासक्रम कशाला? त्यांना मातृभाषा, नीती आणि शिवणकाम शिकवा, असा त्या टीकेचा रोख होता. सुधारक म्हणत होते की मुलींना सगळं शिकवा, त्यात शिवण-विणकामही असू द्या. विरोधक म्हणत होते की शिवण-विणकाम शिकवा, बाकीचं राहू द्या. इंग्रजीवर वाद, गणितावर वाद, शाळेच्या वेळेवरही वाद. सुईवर मात्र कुणाचाच वाद नव्हता.

म्हणून पुढची पन्नास-पाऊणशे वर्षं सुई ही मुलीच्या दप्तरातली परवान्याची चिठ्ठी झाली. “शाळेत काय शिकते?” या आजेसासूच्या प्रश्नाला “टोपडं विणायला शिकते” हे उत्तर पुरेसं होई. त्या टोपड्याच्या आडून भूगोल येई, बीजगणित येई. १८९६ मध्ये अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांसाठी सुरू केलेला आश्रम, १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात उभं राहिलेलं सेवासदन, अशा संस्थांच्या काळात सुई नुसती शोभेची राहिली नाही. नवऱ्याच्या मागे राहिलेल्या बाईला चार पैसे मिळवून देणारं ते साधन झालं. तीच सुई बाईला चुलीपाशी ठेवायला वापरता येते आणि चुलीपासून दूर न्यायलाही. सुईला दोष नाही, श्रेयही नाही. ती कुणी, कशासाठी हातात दिली हे पाहायचं.

यात लोकरीच्या खेळण्याचा शिक्षणाशी ठसठशीत संबंध पंडिता रमाबाईंमुळे आपल्याकडे जुळतो. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. तिथे फिलाडेल्फियात त्यांनी फ्रेडरिक फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला. जर्मनीत ब्लँकेनबर्ग इथे १८३७ मध्ये फ्रोबेलने लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे बालोद्यान, हे नाव दिलं. मुलांच्या हाती द्यायच्या वस्तूंना तो ‘देणगी’ म्हणे. त्यातली पहिली देणगी म्हणजे लोकरीने मढवलेले सहा मऊ चेंडू. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. मूल जगातली पहिली वस्तू हातात घेतं ती मऊ असावी, गोल असावी, लोकरीची असावी, असं त्या माणसाला वाटलं. रमाबाई ही पद्धत शिकून परतल्या आणि १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदासदन काढलं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे.

चेंडूचा प्राणी झाला

चेंडूपासून प्राण्यापर्यंतची गोष्ट एका शिवणकाम करणाऱ्या बाईची आहे. जर्मनीतल्या गिंगेन गावच्या मार्गारेट श्टाइफ हिला लहानपणी पोलिओ झाला होता. पाय गेले, उजवा हातही नीट चालत नसे. तरी ती शिवण शिकली आणि पुढे तिने स्वतःचं दुकान काढलं. एका मासिकात आलेला नमुना पाहून १८८० मध्ये तिने नमद्याचे छोटे हत्ती शिवले. ते टाचण्या खोचून ठेवण्यासाठी होते. मुलांनी ते पळवले आणि खेळायला घेतले. तिथून कापूस-लोकर भरलेल्या मऊ प्राण्यांचा मोठा कारखाना उभा राहिला. १९०२ मध्ये तिच्या पुतण्याने हलत्या हातापायांचं अस्वल तयार केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट यांनी शिकारीत बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायचं नाकारलं, वर्तमानपत्रात त्याचं व्यंगचित्र आलं आणि अस्वलाला ‘टेडी’ हे नाव चिकटलं.

हे दुकानातले प्राणी महाग. पण प्राणी घरीही करता येतो, हे बायकांच्या लगेच लक्षात आलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १९४१ च्या जूनपासून १९४९ पर्यंत कपड्यांवर नियंत्रण होतं, विणायच्या लोकरीलाही कूपन लागे. तेव्हा तिथल्या आयांनी जुने स्वेटर उसवून, उरलेल्या लोकरीच्या तुकड्यांतून मुलांसाठी प्राणी विणले. उसवलेल्या लोकरीचा प्राणी ही कल्पना आमच्या बाईंच्या डोक्यातून निघालेली नव्हती, टंचाईच्या काळात ती कुठेही सुचते.

शाळेत ससे-मेंढ्या विणण्याची गोष्ट निघाली की जर्मनीतल्या श्टुटगार्टचं नाव घ्यावंच लागतं. १९१९ मध्ये तिथल्या सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी रुडॉल्फ श्टाइनरच्या विचारांवर एक शाळा निघाली. तिथे अगदी खालच्या इयत्तांपासून हस्तकामाचा तास होता आणि तो मुलगे व मुली दोघांनाही होता. आजही त्या परंपरेच्या शाळांत पहिलीतली मुलं लाकडाच्या काड्या घासून स्वतःच्या सुया करतात आणि सुलट टाक्याच्या चौकोनातून कोकरू किंवा ससा घडवतात. ते वाचल्यावर मला आपल्या शाळेच्या खिडक्या आठवल्या. आम्ही विणत असताना मुलगे बागकामाच्या नावाखाली बाहेर हिंडत आणि खिडकीतून डोकावून आमच्या सशांना उंदीर म्हणत. त्यातला एक खरोखर विणायला शिकला होता, बहिणीकडून. त्याने ते दहावीपर्यंत लपवून ठेवलं. हे वाचताना तो हसत असेल.

आपल्या वेळापत्रकात

आपल्या देशात शाळेतल्या हातकामाला मान मिळाला तो गांधीजींमुळे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि कुठल्या तरी उद्योगाच्या आधाराने शिक्षण द्यावं हा विचार मांडला गेला. तिथे केंद्रस्थानी टकळी होती, सूत होतं. लोकर नव्हती. पण हातकाम हे पुस्तकाच्या बरोबरीचं आहे, ही गोष्ट त्यातून शाळांच्या कानावर पडली. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ हा शब्द दिला. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्याचा आग्रह धरला. शब्द बदलत गेले. आमच्या वेळापत्रकात शनिवारच्या सकाळच्या शेवटच्या दोन तासांपुढे ‘ह. व्य.’ हीच अक्षरं राहिली.

आमच्या बाई शाळेत लागल्या १९६१ मध्ये. दुसऱ्याच वर्षी चीनचं युद्ध झालं. देशभर बायका जवानांसाठी स्वेटर, कानटोप्या, हातमोजे विणत होत्या. बाईंनीही वरच्या वर्गातल्या मुलींना घेऊन विणले. बाई सांगत की त्या दिवाळीत मुलींनी फराळ वाटून झाल्यावर शाळेच्या व्हरांड्यात बसून टोप्या पुऱ्या केल्या. त्यानंतरच शाळेत विणकामाला खरी जागा मिळाली. पण स्वेटरला लोकर फार लागते. टोपी बहुतेक मुलींची बिघडे. मग कधी तरी बाईंनी ससा काढला. एका सशाला जेमतेम पाव टोपीची लोकर. टाके घालणं, सारखा ताण, टाके बंद करणं, शिवणं, भरणं, सगळं त्यात आलं. परीक्षकाला एका नजरेत मुलीचा हात कळे. सत्तरीच्या दशकात बाजारात अ‍ॅक्रिलिकची स्वस्त लोकर दिसू लागली, पण शाळेत मात्र आमची जुनी विटकरीच.

आणि इथे त्या सगळ्या सशांचं काय झालं ते सांगायला हवं.

ते उसवले जात. दर वर्षी एप्रिलमध्ये परीक्षक येऊन गुण देऊन गेले की मुलींनी आपापला ससा उसवायचा. कापूस काढून पिंजून डब्यात. लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळून तिची लडी करायची, चार ठिकाणी बांधायची, कोमट पाण्यात भिजवून वजन लावून दोरीवर टांगायची, म्हणजे तिचे कुरळे वळसे सरळ होतात. वाळली की गुंडा करायचा. तो पुढच्या वर्षीच्या मुलींना. लोकर शाळेची होती, ससा शाळेचा होता.

१९७८ च्या एप्रिलमध्ये मी सातवीत होते. माझ्या मोठ्या बहिणीला पहिला मुलगा झाला होता. बाळंतविड्यात माझा ससा जावा म्हणून मी बाईंकडे तो मागितला. लोकरीचे पैसे देते म्हटलं. बाई “नाही” म्हणाल्या. दुसरा शब्द नाही. दोन महिन्यांचं काम मी दहा मिनिटांत उसवलं, रडत रडत. त्याबद्दल माझा बाईंवर राग होता आणि तो, खोटं कशाला बोलू, मी पन्नाशी ओलांडेपर्यंत पुरला.

शेऱ्याचा रकाना

या लेखासाठी म्हणून शाळेने मला जुन्या नोंदवह्या पाहू दिल्या. त्यांत हस्तव्यवसायाची साहित्य-वही मिळाली. बाईंचं अक्षर. सुया किती, कात्र्या किती, लोकर दिली किती, परत आली किती. दर एप्रिलला एकूण ससे, उसवलेले ससे, आणि शेवटी ‘शेरा’. १९६९ च्या पानावर शेरा होता, ‘एक नग उंदराने कुरतडला. निर्लेखित.’ खाली मुख्याध्यापकांची सही. पुढच्या वर्षी, ‘एक नग उंदराने कुरतडला.’ त्याच्या पुढच्या वर्षीही. दर वर्षी एकच ससा, आणि दर वर्षी उंदीरच. एका वर्षी कुणा तपासनिसाने लाल शाईत लिहून ठेवलं आहे, ‘उंदरांचा बंदोबस्त करावा.’ त्या वर्षीही एक कुरतडलेला आहेच.

मी पान उलटून १९७८ वर आले. ‘एक नग उंदराने कुरतडला.’ आणि मला आठवलं. त्या वर्षी आमच्या वर्गातून सातवीनंतर एक मुलगी शाळा सोडून गेली. माझ्याच बाकावरची. आई अंथरुणाला खिळलेली, पाठचा भाऊ दोन वर्षांचा. तिने कुणाकडे काहीच मागितलं नव्हतं.

तिचं सासरचं गाव इथून फार लांब नाही. गेल्या दिवाळीनंतर मी गेले. चहा झाला, सुनेची ओळख झाली, आणि मग मी सशाचं विचारलं. ती आधी गप्प बसली, मग हसायला लागली. म्हणाली, “शेवटच्या दिवशी बाईंनी मला वर्ग झाडायला मागे ठेवलं. ससा कागदात गुंडाळून दिला. म्हणाल्या, हा उंदराने खाल्ला असं मी लिहिणार आहे, मला खोटं पाडू नकोस. धाकट्याला दे.” धाकट्याने तो फाटेपर्यंत सोडला नाही. फाटल्यावर हिने उसवला, लोकर धुतली, टांगली, सरळ केली, आणि पुढे स्वतःच्या पहिल्या बाळाच्या टोपड्याची कड त्या लोकरीने विणली. “बाईंनी शिकवलेलं तेवढंच हातात राहिलं बघ. चाळीस टाके, सगळ्या ओळी सुलट.” नातवंडांसाठी तिने विणलेले तीन ससे टीव्हीच्या कपाटावर बसले होते. एक पोपटी, एक गुलाबी, एक शाळेच्या विटकरीला अगदी जवळचा.

त्या वहीत असे एकोणीस उंदीर आहेत. एकोणीस वर्षं, एकोणीस मुली. बाईंनी त्या कशा निवडल्या हे सांगायला त्या आज नाहीत. पण ज्या एकीचं मला कळलं तिच्यावरून अंदाज येतो. मला मिळालेला नकार आणि तिला मिळालेला ससा एकाच हातून आले होते. माझ्या भाच्याला खेळणी पुष्कळ येणार होती, हे बाईंना दिसत होतं. मला दिसायला इतकी वर्षं लागली.

आता समितीला एक विनंती, आणि तिच्याचसाठी हा लेख मी हट्टाने लिहिला. आपल्या माजी विद्यार्थ्यांची यादी शालान्त परीक्षेला बसलेल्यांच्या नावांवरून केली आहे. त्यामुळे सातवीत, आठवीत ज्यांची शाळा सुटली त्या यादीत नाहीत. त्यांना निमंत्रणपत्रिका गेलेली नाही. जनरल रजिस्टरमध्ये मात्र प्रत्येकीचं नाव आहे, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण आहे. मी समितीशी बोलले आहे. पुढच्या मेळाव्याची यादी जनरल रजिस्टरवरून करण्याचं त्यांनी मान्य केलं आहे. ते काम एकट्या समितीचं नाही. आपल्या बाकावर शेजारी कोण बसायचं आणि कोणत्या वर्षी ते दिसेनासं झालं, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. ते नाव, गाव, माहीत असेल तर फोन, शाळेच्या कार्यालयात कळवा. मुलग्यांचंही कळवा. शेतावर, दुकानावर, गॅरेजवर गेलेले आपले वर्गबंधूही त्याच रजिस्टरात आहेत.

या वर्षीच्या मेळाव्याला माझी बाकमैत्रीण यायला कबूल झाली आहे. विणकामाच्या जुन्या वर्गात ती दुपारी तीन वाजता बसेल आणि ज्यांना हवा त्यांना ससा शिकवेल. सुया मी आणते. लोकर घरातली उरलीसुरली आणली तरी चालेल, रंग कुठलाही. वर्गबंधूंनी खिडकीतून डोकावू नये, आत यावं.

या वेळी केलेला ससा प्रत्येकाने घरी न्यायचा आहे.